उंदराचं औषध आणि आपाचं हृदय

माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या, छातीतून टिकटिक आवाज येतो. दिवसा कळत नाही. रात्री घर शांत झालं, पंखा बंद असला, की शेजारी बसलेल्याला तो स्पष्ट ऐकू येतो. माझी मुलगी लहान असताना विचारायची, "फूफीने घड्याळ गिळलंय का?" आपा हसून म्हणायची, "हौ बेटा, अल्लाह मियाँने चाबी भरके दी."

तो आवाज कृत्रिम झडपेचा आहे. २००९ साली मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात आपाच्या हृदयाची डावीकडची झडप, जिला डॉक्टर मायट्रल म्हणतात, ती काढून धातूची बसवली. तेव्हापासून रोज रात्री ती एक छोटी गोळी घेते आणि महिन्यातून एकदा रक्त तपासून येते.

२०१९ साली तिच्या मोबाईलवर एक मेसेज आला. 'हृदयाच्या रुग्णांना दिलं जाणारं हे औषध म्हणजे मुळात उंदीर मारण्याचं विष आहे, डॉक्टर आणि कंपन्या तुमच्यापासून हे लपवतात,' असा काहीतरी मजकूर. खाली कुठल्यातरी काढ्याची जाहिरात. आपाने मला फोन केला, "मेरे कू उंदरां की दवा खिला रे क्या तुम लोगां?" मी वर्गात होतो. "फालतू मेसेज आहे, डिलीट कर," म्हणालो आणि फोन ठेवला.

तिने मेसेज डिलीट केला नाही. गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. अकराव्या दिवशी तिला जिना चढवेना. तेराव्या दिवशी रात्री आडवं झोपता येईना, श्वास लागू लागला. आमच्या अम्मीने तिच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "टिकटिक बंद है."

ती वाचली, अल्लाहचा शुक्र आहे. कशी वाचली ते पुढे सांगतो. पण त्या रात्री अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा त्या मेसेजचा शोध घेऊ लागलो, आणि मला धक्का बसला. मेसेज पूर्ण खोटा नव्हता. ते औषध खरोखरच एकेकाळी उंदीर मारायला वापरत. मी मात्र 'फालतू' म्हणून फोन ठेवला होता. मी शिक्षक आहे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवायचं नाही, हे मला बीएडला शिकवलं होतं. त्या दिवशी मी घरच्या माणसाला गप्प बसवलं. हा लेख त्या फोनवर द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. उशिराने देतोय.

सडलेलं गवत

गोष्ट सुरू होते १९२० च्या दशकात, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड मैदानांत. तिथल्या शेतकऱ्यांनी जनावरांसाठी 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा लावायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या लसूणघासासारखं हे द्विदल पीक. हलक्या जमिनीतही येतं, गोड वास देतं. पण काही वर्षं पाऊस जास्त झाला, कापून रचलेल्या गंजी ओल्या राहिल्या, बुरशी धरली. तोच चारा गुरांनी खाल्ला आणि गुरं मरू लागली. कुठे जखम नाही, जंतू सापडत नाही. शिंगं कापली, खच्चीकरण केलं की रक्त थांबतच नसे. काही तर आतल्या आत रक्तस्राव होऊन उभ्या उभ्या कोसळत.

फ्रँक स्कोफील्ड हे ओंटारियोतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काम करत. त्यांनी एकाच गंजीतल्या चांगल्या आणि सडलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि वेगवेगळ्या सशांना खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा ठणठणीत, सडक्या खाणारा रक्तस्रावाने गेला. म्हणजे दोष पिकाचा नव्हे, सडण्याचा. हे त्यांनी १९२२ च्या सुमारास मांडलं. जाता जाता सांगतो, हेच स्कोफील्ड त्याआधी कोरियात मिशनरी म्हणून होते आणि १९१९ मध्ये जपानी राजवटीविरुद्ध कोरियन जनता रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांनी तिथल्या अत्याचारांचे फोटो काढून जगासमोर नेले. त्यांची कबर आजही सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. उत्तर डकोटाचे पशुवैद्य ली रॉडरिक यांनी पुढे दाखवून दिलं की अशा गुरांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारा 'प्रोथ्रॉम्बिन' हा घटक कमी पडलेला असतो.

शेतकऱ्याला उपाय सांगितला होता: सडका चारा टाकून द्या. पण १९३० नंतर मंदी आली. दुसरा चारा घ्यायला पैसे कुणाकडे होते? आपल्याकडे दुष्काळात शेतकरी गुरांना काय काय खाऊ घालतो हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

फेब्रुवारी १९३३ मधल्या एका शनिवारी, हिमवादळात, एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनचा शेतकरी सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसन शहरात आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि साधारण १०० पौंड सडलेला चारा. सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद होतं. हताश होऊन तो दिसेल त्या उघड्या दारात शिरला. ती निघाली कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा. लिंक त्याला फार काही देऊ शकले नाहीत. चारा बंद करा, जमलं तर निरोगी गुराचं रक्त द्या, एवढंच सांगितलं. तो शेतकरी वादळात परत गेला. पण त्याने आणलेलं रक्त आणि चारा तिथेच राहिला, आणि लिंक व त्यांचा सहकारी शोफेल लगेच कामाला लागले.

सहा वर्षं लागली. १९३९ मध्ये लिंक यांच्या प्रयोगशाळेतल्या हॅरल्ड कॅम्पबेल यांनी सडक्या चाऱ्यातून तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. चाऱ्याला गोड वास देणारं कुमॅरिन बुरशीमुळे बदलून हा नवा पदार्थ तयार होत होता. त्याला नाव मिळालं डायकुमॅरॉल. १९४१ पासून तो माणसांना औषध म्हणून दिला जाऊ लागला, कारण डॉक्टरांना एक गोष्ट लगेच उमगली. जास्त प्रमाणात जे गुरांना मारतं, ते मोजून दिलं तर नसांत नको तिथे रक्ताची गाठ धरलेल्या माणसाला वाचवू शकतं.

विष की दवा?

मग उंदीर कुठून आले? १९४५ मध्ये लिंक क्षयाने आजारी पडले आणि काही महिने आरोग्यधामात राहिले. पडल्या पडल्या त्यांनी उंदीर मारण्याच्या उपायांचा इतिहास वाचून काढला. त्यांच्या प्रयोगशाळेत डायकुमॅरॉलची शंभरावर भावंडं तयार करून ठेवली होती. त्यातलं ४२ क्रमांकाचं जास्त तीव्र होतं. उंदराला त्याची चव कळत नाही, खाऊन काही दिवसांनी तो मरतो, म्हणून बाकीच्या उंदरांना संशय येत नाही. १९४८ मध्ये ते बाजारात आलं. संशोधनाला पैसा देणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या नावातली आद्याक्षरं 'वार्फ' आणि कुमॅरिनचं शेपूट जोडून नाव झालं वॉर्फरिन.

१९५१ मध्ये अमेरिकी लष्करात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी हेच उंदराचं औषध बरेच दिवस खाल्लं. त्याला रुग्णालयात व्हिटॅमिन के दिलं आणि तो पूर्ण बरा झाला. डॉक्टरांना त्यातून दोन गोष्टी समजल्या: हे माणसात चांगलं काम करतं, आणि त्यावर उतारा आहे. १९५४ मध्ये वॉर्फरिनला माणसांसाठी मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं. म्हणजे कुणी काही लपवलेलं नव्हतं. शोध लावणाऱ्या लिंक यांनी स्वतःच ही सगळी हकिकत १९५९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवली आहे.

व्हिटॅमिन के हा या कथेचा दुसरा पाय. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करताना दिसलं की चरबीविरहित खाद्य दिलं की त्यांना रक्तस्राव होतो. खाद्यात काहीतरी कमी पडतंय. त्या 'काहीतरी'ला त्यांनी रक्त गोठण्याच्या शब्दाच्या स्पेलिंगवरून 'के' म्हटलं. १९४३ चा नोबेल त्यांना आणि एडवर्ड डॉयझी यांना मिळाला. आपलं यकृत या 'के'च्या मदतीने रक्त गोठवणारे चार घटक तयार करतं. वापरलेलं 'के' शरीर पुन्हा ताजं करून घेतं. वॉर्फरिन नेमकं हे ताजं करणं अडवतं. त्यामुळे 'रक्त पातळ करणारी गोळी' हे आपलं बोलण्यातलं नाव. रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, ते गोठायला जास्त वेळ घेतं, इतकंच.

ज्याला आपण विष म्हणतो आणि ज्याला दवा, त्यांत कित्येकदा फक्त मात्रेचा फरक असतो. आपल्या जुन्या हकिमांना हे नवं नव्हतं. रक्त न थांबण्याचं कोडंही त्यांनी पाहिलं होतं. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधले शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांनी एका गावातल्या अशा पुरुषांबद्दल लिहून ठेवलंय, ज्यांना साधी जखम झाली तरी रक्त वाहून मृत्यू येई. आपल्या व्याख्यानांतून आपण 'आमच्या लोकांनी आधी शोधलं' म्हणून थांबतो. अल-जहरावींची खरी शिकवण मला वेगळी वाटते: जे दिसलं ते नीट लिहून ठेवा, समजलं नाही तरी.

धातूची झडप आणि रक्ताचा स्वभाव

आता दुसरा धागा. आपाला लहानपणी घसा धरायचा, मग सांधे सुजायचे. आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं, वाढीच्या वयातलं दुखणं आहे. तो संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीवर होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. दाटीवाटीची घरं, वेळेवर न मिळालेलं पेनिसिलिन, यांचा हा आजार. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला, आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही. तिशीत आपाची झडप आखडून अगदी अरुंद झाली होती.

खराब झडप बदलता येईल हे १९५० पर्यंत स्वप्न होतं. १९५२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स हफनेगल यांनी प्लास्टिकची चेंडूवाली झडप एका रुग्णाच्या महाधमनीत बसवली, पण हृदयाच्या आत नव्हे, खाली छातीत उतरणाऱ्या भागात. खरी झेप १९६० ची. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त इंजिनिअर तरुण सर्जन अल्बर्ट स्टार यांच्याकडे आले आणि म्हणाले, कृत्रिम हृदय बनवू या. स्टार म्हणाले, आधी एक झडप तर बनवू. दोघांनी नैसर्गिक झडपेची नक्कल करून पडद्यांच्या झडपा कुत्र्यांना बसवल्या. कुत्री काही दिवसांत मरत. कारण एकच: झडपेच्या कडेला रक्त गोठायचं आणि ती जाम व्हायची. शेवटी त्यांनी निसर्गाची नक्कल सोडली. धातूच्या पिंजऱ्यात सिलिकॉनचा गोळा, बाटलीच्या जुन्या बुचासारखी रचना. रक्त आलं की गोळा उचलला जातो, गेलं की बसतो. सप्टेंबर १९६० मध्ये ही मायट्रल झडप बसवलेला रुग्ण त्यानंतर सुमारे दहा वर्षं जगला आणि गेला तो शिडीवरून पडून.

पुढे गोळ्याऐवजी तिरपी होणारी चकती आली, १९७७ मध्ये दोन पाकळ्यांची झडप आली. आपल्या देशाचंही यात नाव आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरिबांना परवडेल अशी झडप बनवायचं ठरवलं. सुरुवातीची मॉडेल्स चाचण्यांत नापास झाली. संस्था थांबली नाही. कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट, अतिशय चिवट पॉलिएथिलीनची चकती आणि शिवण्यासाठी पॉलिएस्टरचं कडं असलेली चित्रा झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णाला बसवली. तेव्हापासून ती एक लाखाहून जास्त लोकांच्या हृदयात बसली आहे.

झडप कितीही चांगली असो, रक्ताच्या दृष्टीने ती परकीच. आपल्या नसांना आतून जिवंत पेशींचं अस्तर असतं, ते रक्ताला गोठू देत नाही. धातूला, प्लास्टिकला ते अस्तर नाही. रक्त त्याला जखम समजतं आणि आपलं काम सुरू करतं. म्हणून धातूची झडप आणि वॉर्फरिन, किंवा त्याचंच भावंड असलेली असेनोकुमॅरॉलची गोळी, ही जोडी आयुष्यभराची. एकाशिवाय दुसरं नाही. आपाने अकरा दिवस गोळी सोडली तेव्हा नेमकं हेच झालं. झडपेवर गाठ बसली, चकती पूर्ण उघडेना, टिकटिक थांबली.

त्या रात्री डॉक्टरांनी तिला स्ट्रेप्टोकायनेज हे गाठ विरघळवणारं औषध दिलं. अम्मीला विश्वास बसणार नाही अशी गोष्ट मला नंतर कळली. हे औषध स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासून मिळतं. गाठ विरघळवण्याचा त्यांचा गुण १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांच्या लक्षात आला होता. ज्या कुळातल्या जंतूने आपाची झडप बिघडवली, त्याच कुळाने तिला परत आणलं. फज्रच्या सुमारास नर्सने बाहेर येऊन सांगितलं, आवाज येतोय.

डुकराचं, गाईचं आणि आपल्या शंका

ऑपरेशनच्या आधी आपाच्या सासरच्यांनी सर्जनला विचारलं होतं, "झडप डुकराची तर नाही ना?" प्रश्न चुकीचा नव्हता. प्राण्यांच्या ऊतींच्या झडपा असतात. पॅरिसचे अ‍ॅलेन कारपेंतिए यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी डुकराची झडप ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवून टिकाऊ केली. गाईच्या हृदयाभोवतालच्या आवरणापासूनही झडपा बनतात, म्हणजे शंका फक्त आपल्याच घरात निघते असं नाही, आपल्या हिंदू शेजाऱ्यांनाही ती पडते. आपाची झडप धातूची आहे म्हटल्यावर सासरचे निश्चिंत झाले. पण ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुस यंत्र चालू ठेवायला जे हेपॅरिन दिलं जातं, ते बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यापासून बनतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

हेपॅरिन १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून पुढे आलं. विल्यम हॉवेल यांनी ते कुत्र्याच्या यकृतात पाहिलं, म्हणून ग्रीक 'हेपार', यकृत, यावरून नाव. त्याच्याशिवाय हृदय उघडून करायचं ऑपरेशन शक्यच झालं नसतं. जीव धोक्यात असताना, दुसरा पर्याय नसताना मनाई केलेल्या वस्तूची सवलत आहे, हे तत्त्व आपल्या फिक्हमध्ये जुनं आहे. १९९५ मध्ये कुवेतला भरलेल्या वैद्यक आणि फिक्हच्या परिषदेत औषधांत रूपांतर झालेल्या पदार्थांचाही विचार झाला. मी मुफ्ती नाही. माझं म्हणणं इतकंच, की शंका असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना आणि आलिमांना शांतपणे विचारा. ऑपरेशन टेबलावरून किंवा गुपचूप गोळी सोडून त्या शंकेचं उत्तर काढू नका.

नव्या गोळ्यांचं काय?

आता आजचा प्रश्न. मागच्या रमजानमध्ये इफ्तारला आमचे एक चाचा आले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. ते म्हणाले, "बेटी, अब नई गोली आई है. ना खून जांचने का झंझट, ना पालक-मेथी का परहेज." आपाने माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं दर महिन्याला सुई टोचून घेणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, हे मी समजू शकतो. या वेळी मी 'फालतू' म्हणालो नाही.

डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान ही ती नवी औषधं. अनेक रुग्णांसाठी ती खरोखरच चांगली आहेत आणि रक्तही वारंवार तपासावं लागत नाही. मग धातूच्या झडपेला का नाही? कारण हे करून पाहिलं गेलंय.

एका अभ्यासात दहा देशांतल्या धातूची झडप असलेल्या २५२ जणांपैकी १६८ जणांना डॅबिगॅट्रान आणि ८४ जणांना वॉर्फरिन दिलं. डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांपैकी ९ जणांना पक्षाघात झाला, वॉर्फरिनवाल्यांत एकालाही नाही. रक्तस्रावही नव्या गोळीवर जास्त झाला. अभ्यास मधेच थांबवावा लागला, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. तरी संशोधकांनी आशा सोडली नाही. ज्या झडपेवर गाठ कमी धरते असं मानतात, तिचे ८६३ रुग्ण घेऊन अ‍ॅपिक्सॅबानची तुलना केली. महाधमनीची झडप, तीही बसवून तीन महिने झालेली, म्हणजे त्यातल्या त्यात सोपी परीक्षा. गाठीशी संबंधित घटना अ‍ॅपिक्सॅबानवर २० आणि वॉर्फरिनवर ६. हाही २०२२ मध्ये मधेच थांबवला.

कारण समजायला सोपं आहे. परक्या धातूवर रक्त एकाच वेळी अनेक वाटांनी गोठायला लागतं. नवी गोळी त्यातला एकच दरवाजा बंद करते. जुनी गोळी एकाच वेळी चार घटकांचं उत्पादन कमी करते. म्हाताऱ्या चौकीदाराला सगळ्या वाटा ठाऊक असतात, तसं आहे हे.

चाचांचं काय मग? त्यांच्या हृदयात धातू नाही, फक्त ठोके चुकतात. ऊतीची झडप असलेल्यांचं गणितही वेगळं. ब्राझीलमध्ये १००५ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. ऊतीची मायट्रल झडप आणि अनियमित ठोके असलेल्यांना रिव्हारॉक्सॅबान वॉर्फरिनइतकंच चाललं. उलट रुमॅटिक आजाराने झडप खराब झालेल्या, पण न बदललेल्या साधारण साडेचार हजार लोकांवर आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत अभ्यास झाला, भारतातले रुग्णही त्यात होते. २०२२ चा निकाल: रिव्हारॉक्सॅबानवर मृत्यू जास्त, जुन्या गोळीवर कमी. गरिबांच्या आजाराचा इतका मोठा अभ्यास क्वचितच होतो आणि तो आपल्या बाजूच्या स्वस्त गोळीने जिंकला.

म्हणून चाचांची गोळी चाचांना आणि आपाची आपाला. एका घरातल्या दोन हृदयरुग्णांनी एकमेकांच्या गोळ्यांची अदलाबदल करणं म्हणजे एकाच्या चष्म्याने दुसऱ्याने वाचणं.

रोजच्या जगण्यातलं

या औषधाची अडचण खरी आहे, ती लपवत नाही. मात्रा कमी झाली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. ही तारेवरची कसरत मोजायला आयएनआर ही तपासणी आहे. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा वेगळा येई. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांना एक माप दिलं. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. महाधमनीच्या झडपेला साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५ हवा असतो, पण तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

आमच्या घरी शिकायला मिळालेल्या काही गोष्टी सांगतो. पालेभाज्या सोडायच्या नाहीत. त्यांत व्हिटॅमिन के आहे, म्हणून आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या. रमजानमध्ये ताट बदलतं, झोप बदलते, म्हणून महिना सुरू होण्याआधी आणि मधे एकदा तपासणी करतो. गोळी आपा इफ्तारनंतर रात्री घेते, म्हणून रोजा आणि गोळी यांत भांडण होत नाही. रोजा ठेवायचा की नाही, हे मात्र दरवर्षी डॉक्टरांना विचारते. मेडिकलमधून स्वतःहून घेतलेली दुखण्याची गोळी किंवा अँटिबायोटिक आकडा कुठल्या कुठे नेऊ शकतात. क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन तर या गोळीचा परिणाम खूपच कमी करतं.

आणि हिजामा. आपल्या मोहल्ल्यांत हल्ली त्याची दुकानं वाढली आहेत. हिजामाबद्दल मला वाद घालायचा नाही. पण रक्त न गोठण्याची गोळी घेणाऱ्याच्या अंगावर ब्लेडने चिरा देणं धोक्याचं आहे. हिजामा करणाऱ्याने आधी विचारायला हवं, आणि रुग्णाने न विचारता सांगायला हवं. दात काढायच्या आधीही तेच.

तरुण मुलींच्या आई-वडिलांना वेगळं सांगायचंय. वॉर्फरिन गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, इजा करू शकतं. ते थांबवून हेपॅरिन दिलं तर आईच्या झडपेला धोका वाढतो. ऊतीची झडप घेतली तर गोळीचा जाच कमी, पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि पुन्हा ऑपरेशन लागतं. सोपा रस्ता कुठलाच नाही. म्हणून झडप निवडतानाच मुलीला, तिच्या नवऱ्याला समोर बसवून हे बोललं पाहिजे. आमच्याकडे आपाच्या वेळी हे कुणी बोललं नाही. मायके आणि सासर मिळून निर्णय घेतला, आणि आपाला फक्त तारीख सांगितली.

कदाचित त्यामुळेच तिला मोबाईलवरच्या मेसेजचा भरवसा वाटला असेल. तो निदान तिच्याशी बोलत तरी होता.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर तपासणीला जातो. तिने एक जुनी वही केली आहे. तारीख, आकडा, गोळीची मात्रा. उर्दूत लिहिते, आकडे मात्र मराठीत, कारण ती मराठी शाळेत शिकली. मागच्या महिन्यात मी तिला कार्लसनची गोष्ट सांगितली, वादळातून मेलेली कालवड घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याची. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "उस बेचारे की बाकी गायां बचीं क्या?"

मला माहीत नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर तिने त्याचं नाव लिहून घेतलं. म्हणाली, दुआमध्ये घेईन.